मोटारीचा योगक्षेम

संस्कृतांतील 'योगक्षेम' हा शब्द आपण मराठींत चरितार्थ या अर्थानें सर्रास योजतों. परंतु त्याच्या पोटांत दोन निराळे शब्द आहेत, हें पुष्कळांच्या ध्यानांत नसतें. जें आपणांपाशीं नाहीं तें मिळविणें हा योग, आणि जें मिळालें तें सांभाळणें हा क्षेम. तरुणपणीं माणसास पहिल्याचें कौतुक अधिक असतें. दुसऱ्याचें महत्त्व कळूं लागतें तोंपर्यंत केस पांढरे झालेले असतात. जुन्या वस्तूंच्या शौकिनांचेंहि असेंच आहे. दुर्मिळ वस्तु हुडकून काढणाराची चोहोंकडे वाहवा होते. ती पुढें कशी राखली, हें विचारावयास कोणी येत नाहीं.

आज हा विषय काढण्यास निमित्त झालें आहे तें आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें पत्र. हा गृहस्थ मूळचा पुण्याचा; गेलीं बरींच वर्षें जर्मनींत श्टुटगार्ट शहराजवळ इंजिनिअर म्हणून नोकरीस आहे. दोन वर्षांमागें त्यानें १९९२ सालची, अवघी ४६ हजार किलोमीटर धांवलेली एक मोटार शोधून काढली, अकरा महिने खपून ती दुरुस्त केली, आणि आतां तो विचारतो: "गुरुजी, गाडी तयार झाली. आतां ती चालवावी, कीं झांकून ठेवावी? चालवावी तर तिचें मोल उतरतें. न चालवावी तर ही खटपट केली कशाला?" प्रश्न दिसण्यांत मोटारीचा आहे, परंतु त्यांत त्याची दहा वर्षांची शिल्लक गुंतलेली आहे, आणि त्यावरून घरांत पति-पत्नींचा अबोला होण्याचीहि वेळ येऊन गेली, असें पत्राच्या सुरावरून दिसतें. तेव्हां उत्तर विचारपूर्वक दिलें पाहिजे. आम्हांस स्वतःस मोटार हांकतां येत नाहीं. तथापि त्याचीं टिपणें महिन्यामहिन्यास येत गेलीं, आणि तीं वाचतां वाचतां या यंत्राची आमची चांगली ओळख झाली. ती वाचकांसहि आधीं करून देतों.

ही मोटार म्हणजे मर्सिडीज-बेंझ कंपनीची '५०० ई'. ती १२४ या मालिकेंतली. ही मालिका १९८४ च्या अखेरीस लोकांपुढें आली, आणि तिच्या सर्व प्रकारांच्या मिळून पंचवीस लक्षांहून अधिक गाड्या निघाल्या. जर्मनींतील टॅक्सीवाल्यांची ती मोठी आवडती. अशा या भारदस्त, चार दारांच्या, कुटुंबवत्सल गाडींत कंपनीनें आपल्या '५०० एसएल' या दोन आसनी वेगवान गाडीच्या जातीचें, आठ सिलिंडरांचें, ४,९७३ घनसेंटिमीटरचें एंजिन बसविलें. आरंभीं त्याची ताकद ३२६ अश्वशक्तीची होती. उभ्या जागेवरून ताशीं १०० किलोमीटरचा वेग गांठावयास तिला ६.१ सेकंद पुरत, आणि कमाल वेग ताशीं २५० किलोमीटरांवर मुद्दाम बांधून टाकलेला असे. बाहेरून मात्र मडगार्ड थोडे फुगीर आणि अंग जमिनीस किंचित् जवळ आलेलें, एवढाच काय तो फरक. धोतर-उपरण्यांतील एखाद्या शास्त्रीबोवांनीं आखाड्यांत उतरून नामांकित मल्लास चीत करावें, तसाच हा प्रकार.

तिच्या जन्माची कथाहि मौजेची आहे. रुंद केलेला हा सांगाडा झिंडेलफिंगेन येथील मर्सिडीजच्या कारखान्यांत नेहमीच्या जुळणीच्या रांगेंत मावेना. जवळच त्सुफेनहाउझेन येथें पोर्शे कंपनी. तिचे ते दिवस ओढगस्तीचे होते, आणि हातास काम हवें होतें. १९८८ सालीं मर्सिडीजनें या गाडीच्या घडणीचें काम पोर्शेकडे सोंपविलें, आणि १९९० पासून जुळणीहि तेथें होऊं लागली. सांगाडा पोर्शेकडे जुळावयाचा, रंगाकरितां मर्सिडीजकडे जावयाचा, एंजिन व आंतील सामान बसविण्याकरितां पुन्हां पोर्शेकडे यावयाचा, आणि शेवटची तपासणी पुन्हां मर्सिडीजकडे! या येरझारांत एकेका गाडीस अठरा दिवस लागत. १९९० च्या ऑक्टोबरांत पॅरिसच्या प्रदर्शनांत ती लोकांपुढें आली. १९९३ सालीं तिचें नांव उलटून 'ई ५००' झालें. १९९५ सालीं ती बंद पडली. साऱ्या मिळून १०,४७९ गाड्या निघाल्या, आणि साऱ्यांचें सुकाणू डावीकडे.

पुणेकर वाचकांस या गाडीचा चेहरा अगदींच अनोळखी नाहीं. मर्सिडीजची भारतांतील कंपनी १९९४ सालीं स्थापन झाली, आणि १९९५ पासून पुण्यास टेल्को कारखान्याच्या आवारांत याच १२४ मालिकेंतील साध्या गाड्यांची जुळणी सुरू झाली. चाकणचा स्वतंत्र कारखाना त्यानंतरचा, २००९ सालचा. आमच्या विद्यार्थ्याचे वडील, ज्यांस सारी आळी नाना म्हणून ओळखते, ते त्या काळीं या जुळणीवर देखरेख करीत. मुलाच्या डोक्यांत या आकृतीनें घर केलें तें तेव्हांपासून. आतां नाना ऐंशीच्या घरांत आहेत.

प्रथम योगाचा विचार करूं. गाडी मिळाली ती जाहिरातींतून नव्हे. तिकडच्या एका वृद्ध दंतवैद्यांनीं ती नवी घेतली, सुटीच्या दिवशीं हौसेनें चालविली, आणि २००५ च्या सुमारास डोळे अधू झाल्यावर घरामागच्या खोपटांत उभी केली. त्यांच्या पश्चात् मुलीनें घर विकावयास काढलें, तेव्हां गांवांतील एका म्हाताऱ्या मिस्त्र्यानें आमच्या विद्यार्थ्याच्या कानावर ही गोष्ट घातली.

येथें पहिला प्रश्न उभा राहतो तो असा कीं, ४६ हजार हा आंकडा खरा कशावरून? आंकडा मागें फिरविण्याची विद्या सर्व देशांत आहे. जर्मनींत २००५ सालीं त्याकरितां फौजदारी कायदा करावा लागला, यावरून ती तेथेंहि किती बोकाळली असेल याची कल्पना येते. म्हणून जाणते लोक आंकड्यावर विसंबत नाहींत, साक्षीदार तपासतात. जर्मनींत पहिलीं तीन वर्षें सोडल्यास खासगी गाडीची दर दोन वर्षांनीं सक्तीची तपासणी होते, आणि त्या दाखल्यावर त्या दिवशींचा आंकडा लिहिलेला असतो. हे दाखले ओळीनें मांडले आणि आंकडे पायरीपायरीनें चढत गेलेले दिसले, तर पहिली साक्ष मिळाली. दुसरी साक्ष दुरुस्तीच्या वहीची. तिसरी साक्ष खुद्द गाडीच्या अंगाची: पायाखालच्या दांड्यांवरचें रबर, चालकाच्या आसनाची दाराकडील कड, सुकाणूवरील कातडें. आंकडा ४६ हजार म्हणतो आणि पायाखालचें रबर गुळगुळीत झालेलें आहे, तर आंकडा खोटा. आणि बाकी सारें जुनें असून तेवढें रबर मात्र नवें कोरें असेल, तर संशय दुप्पट. चौथी साक्ष सांगाड्यावर कोरलेल्या क्रमांकाची. त्यांत १२४०३६ हे सहा आंकडे ओळीनें नसतील, तर ती ५०० ई नव्हेच; मग पाठीवर अक्षरें कोणतींहि चिकटविलेलीं असोत.

साऱ्या साक्षी जुळल्या. सौदा ठरण्याच्या आदल्या रात्रीं चिरंजीवांनीं मोठ्या उत्साहानें पुण्यास फोन करून आंकडा सांगितला, तेव्हां नाना एवढेंच म्हणाले, "अरे, आंकडा काय बघतोस? रबर कोणत्या सालचें आहे तें बघ."

या एका वाक्यांत या विषयाचें सारें शास्त्र आलें. मोटारीस वार्धक्य दोन वाटांनीं येतें. एक धांवल्यानें येतें, आणि तें आंकड्यांत उमटतें. दुसरें नुसत्या काळानें येतें. तें कोणत्याहि तबकडीवर दिसत नाहीं. पहिल्यानें धातु झिजतो. दुसऱ्यानें रबर, तेल, तारा आणि प्लॅस्टिक यांची माती होते. घरोघरच्या गृहिणींस हें नव्यानें सांगावयास नको. पेटींत वर्षानुवर्षें एकाच घडीवर ठेवलेला शालू घडीवरच चिरतो. तो नेसून विरलेला नसतो, ठेवून विरलेला असतो.

मोटारींत हें कसें घडतें तें पाहा. ब्रेकमधील तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें, आणि तो ओलावा ब्रेकांस आंतून गंज चढवितो; म्हणून गाडी चालो वा न चालो, तें तेल दोन वर्षांनीं बदलावयाचें असतें. टांकींत राहिलेलें पेट्रोल कालांतरानें चिकट होऊन बारीक छिद्रें बुजवितें. थंड हवेचें यंत्र चालू राहिलें तरच त्यांतील तेल फिरतें व सांध्यांचीं रबरें ओलीं राहतात; बंद ठेवलें कीं तीं सुकून वायु निसटूं लागतो. टायरांची गोष्ट तर सर्वांत फसवी. २००० सालापासून टायरच्या कुशीवर चार आंकड्यांत जन्मतिथि लिहिलेली असते. पहिले दोन आठवड्याचे, पुढले दोन सालाचे. या गाडीच्या टायरांवर २००१ साल होतें. खांचा नव्यासारख्या खोल, आणि रबर लांकडासारखें टणक! ताशीं २०० किलोमीटरनें जाणाऱ्या गाडीखालीं असे टायर म्हणजे यमदूतच.

यांखेरीज या विशिष्ट गाडीचीं म्हणून कांहीं दुखणीं जाणकारांस ठाऊक आहेत. त्या वर्षांतील एंजिनांवरच्या तारांचें वेष्टन उष्णतेनें ठिसूळ होऊन भुग्यासारखें गळून पडतें. झडपांची उघडझांप करणारी साखळी ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवरून सरकते, त्याहि वयानें कडक होतात. एखादीचा तुकडा साखळींत अडकला तर एंजिनाचा कपाळमोक्ष ठरलेला. मागचें अंग ओझें वाढलें तरी समतोल राहावें म्हणून तेथें नत्रवायु भरलेले गोळे असतात. त्यांचाहि दाब काळानें उतरतो. दाराखालच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या काढल्याशिवाय तर त्यांआड गंज किती आहे हें कळतच नाहीं. तात्पर्य, लहान आंकडा हें आरोग्याचें प्रमाणपत्र नव्हे. 'झांकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण मुठीविषयीं खरी असेल. खोपटांत झांकलेल्या मोटारीविषयीं ती विकणारानेंच म्हणावी, घेणारानें म्हणूं नये.

आतां क्षेमाकडे वळूं. अशी गाडी हातीं आली कीं पहिला मोह होतो तो चावी फिरवून पाहण्याचा. मालकीणबाईंचे यजमान तर दुसऱ्या गाडीची वीज जोडावयास तारा घेऊन उभेच होते. आमच्या विद्यार्थ्यानें त्यांस नम्रपणें थांबविलें आणि गाडी दुसऱ्या वाहनावर चढवून घरीं आणली, येथेंच त्याची अर्धी परीक्षा उत्तीर्ण झाली असें आम्ही समजतों. जुनें पेट्रोल काढून टांकी धुतली. नळ्या व गाळण्या बदलल्या. आठहि प्लग काढून प्रत्येक सिलिंडरांत चार थेंब तेल सोडलें. आणि दुसऱ्या दिवशीं लांब पाना लावून एंजिन हातानें दोन पूर्ण फेरे फिरविलें. कोठें अडलें नाहीं. मग नवें तेल भरून, ठिणगी पडूं न देतां नुसतें फिरवून तेलाचा दाब वर आल्याची खात्री करून घेतली. एंजिन पहिल्यानें सुरू झालें तें गाडी घरीं आल्यापासून सातव्या महिन्यांत. कारण मध्यंतरीं साखळीच्या पट्ट्या व तारांचा सारा जुडगा बदलून झाला होता. ब्रेकच्या नळ्या, नत्राचे गोळे, एंजिन ज्यांवर टेकतें तीं रबरें आणि टायर, हें सारें पुढें क्रमाक्रमानें झालें. या सर्वांस गाडीच्या खरेदीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका खर्च आला. दुर्मिळ वस्तु घेऊं पाहणारांनीं हा तिसरा हिस्सा आधींच बाजूस काढून ठेवावा, हें बरें.

परंतु त्यानें काय केलें यापेक्षां काय केलें नाहीं, याचें आम्हांस अधिक कौतुक वाटतें. त्यानें गाडी रंगविली नाहीं. पुढच्या बाजूस खडे उडून पडलेले बारीक डाग होते. डाव्या दारावर दंतवैद्यांच्या बागेच्या फाटकाचा ओरखडा होता. स्नेही म्हणाले, एवढा खर्च केलास, तर एकदां सारी रंगवून टाक, आरशासारखी दिसेल. त्यानें ऐकलें नाहीं. कारखान्यांतील रंगाचा थर एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो, आणि तो मोजण्याचें यंत्र प्रत्येक जाणत्या गिऱ्हाइकाच्या खिशांत असतें. नवा रंग कितीहि वेळां देतां येईल. त्सुफेनहाउझेन व झिंडेलफिंगेन यांच्यामधील त्या अठरा दिवसांत बसलेला रंग एकदांच बसला.

'जीर्णोद्धार' या शब्दाचा अर्थ जीर्णाचा उद्धार असा आहे. आपल्याकडे मात्र त्या नांवाखालीं जुन्या देवळांच्या कोरीव दगडावर भडक तैलरंग फांसलेला पाहावयास मिळतो, आणि शिल्पकाराची छिन्नी त्या रंगाखालीं गुदमरून जाते. वस्तूचा जीव ज्यावर टिकतो तें निःशंक नवें करावें, आणि वस्तूची ओळख ज्यावर टिकते तें जुनेंच राहूं द्यावें, हा आमच्या मतें यांतला नियम आहे. ब्रेकची नळी जुनी ठेवणें हा मूर्खपणा, आणि दारावरचा निरुपद्रवी ओरखडा पुसणें हा उद्धटपणा. या पथ्यामुळें एक फायदाहि झाला. तीस वर्षांवरील व मूळ स्वरूपांत नीट राखलेल्या वाहनांस जर्मनींत १९९७ पासून 'ऐतिहासिक' म्हणून निराळी नोंदणी मिळते. ती या गाडीस विनातक्रार मिळाली.

आतां मुख्य प्रश्न: चालवावी, कीं झांकून ठेवावी? झांकून ठेवा म्हणणारांचा पक्ष अगदींच दुबळा नाहीं. बाजारांत अशा गाडीची किंमत त्या लहान आंकड्यावर ठरते, आणि प्रत्येक फेरफटक्यानें ती थोडी उतरते, हें खरें आहे. शिवाय कांहीं गाड्या हात न लावतां राखल्या नाहींत, तर पुढल्या पिढीच्या कारागिरास कोणता चाप कोठें बसत होता हें कळणार कसें? आमच्या विद्यार्थ्यास स्वतःस अशा अस्पर्श गाडीचीं छायाचित्रें पदोपदीं उपयोगी पडलीं. तथापि तें काम संग्रहालयाचें आहे. श्टुटगार्ट येथें २००६ सालीं उघडलेलें मर्सिडीजचें मोठें संग्रहालय त्याच्या घरापासून दूर नाहीं; त्याची प्रतिकृति स्वतःच्या गॅरेजमध्यें उघडण्याचें त्यास कारण नाहीं.

हिशेबहि करून पाहूं. दरसाल दोन हजार किलोमीटर गाडी धांवली, तर दहा वर्षांनीं आंकडा ६६ हजार होईल. चाळिशी ओलांडलेल्या गाडीस तोहि लहानच. उलट, ती पुन्हां दहा वर्षें झांकून ठेविली, तर आंकडा ४६ हजारच राहील. परंतु आज बदललेलें रबर, तेल व टायर पुन्हां पहिल्या स्थितीस येतील, आणि घेणारा जाणता असला तर तोहि नानांचाच प्रश्न विचारील. म्हणजे मोल दोन्ही रीतींनीं उतरावयाचें. एका रीतींत त्याचा मोबदला मिळतो, दुसरींत मिळत नाहीं, इतकाच भेद.

म्हणून आमचें उत्तर असें: बाळ, गाडी चालव. महिन्यांतून दोनदां तरी बाहेर काढ, आणि काढशील तेव्हां अर्धा तास धांवूं दे. अंगणांतल्या अंगणांत पांच मिनिटें एंजिन सुरू करून बंद करणें हा उपचार घातक आहे. कारण एंजिन पुरतें तापल्याशिवाय आंत जमलेलें पाणी उडून जात नाहीं, तें तेलांत मुरतें. हिंवाळ्यांत तुमच्याकडे रस्त्यांवर मीठ टाकतात, तेवढे महिने मात्र ती घरींच असूं दे. ब्रेकचें तेल दोन वर्षांनीं आणि टायर दहा वर्षांच्या आंत, खांचा कितीहि खोल दिसोत, न चुकतां बदल. आणि घरांतल्या माणसांस तींत बसव. सौ.ची तक्रार तूं गाडी घेतलीस याविषयीं नसावी. घेतल्यावर तिच्याजवळ कोणास जाऊं देत नाहींस, याविषयीं असावी, असें पत्राच्या ओळींमधून आम्हांस वाटलें. मागच्या धुऱ्याचें धूड मोठें म्हणून या गाडीस मागें मधलें आसनच नाहीं. आसनें चार, आणि तुमच्या घरचीं माणसेंहि चार. येत्या उन्हाळ्यांत नाना तिकडे येतील तेव्हां कोणास तरी एकास घरीं राहावें लागेल, एवढीच अडचण. आणि पुढचें आसन कोणाचें, हें आम्ही सांगावयास नको.

आमच्या इतर वाचकांच्या वाड्यांत ५०० ई असण्याचा संभव थोडा. परंतु वडिलांची किंवा आजोबांची एखादी फियाट ताडपत्रीखालीं उभी असलेलीं घरें आम्हांस बरींच ठाऊक आहेत. ती पुन्हां रस्त्यावर आणण्याचा विचार कोणाच्या मनांत आला, तर त्यांनीं आधीं पेट्रोल काढावें, एंजिन हातानें फिरवून पाहावें, तारा व नळ्या तपासाव्या, ब्रेकचें तेल बदलावें, टायरवरचें साल वाचावें, आणि आपल्या देशांत खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पांच वर्षांनीं नवी करावी लागते, तिचे कागद पाहावे. चावीस हात घालावयाचा तो या सर्वांनंतर. रंगाऱ्यास मात्र बोलावण्याची घाई करूं नये.